घर गेले, कर उरला

जानेवारी सरत आला की अमेरिकेतल्या घराघरांत करविवरणाला लागणारे कागद टपालाने येऊन पडू लागतात. पगाराचा दाखला येतो, बँकेने दिलेल्या व्याजाचा येतो. २००७ नंतरच्या वर्षांत ज्यांचे राहते घर हातचे गेले, त्यांच्यापैकी अनेकांना या गठ्ठ्यात आणखी एक कागद सापडे. त्याचे नाव फॉर्म १०९९-सी. चौकटी आखलेला एक लहानसा छापील तक्ता. पहिल्या चौकटीत तारीख, दुसऱ्या चौकटीत बँकेने सोडून दिलेल्या कर्जाची रक्कम, पाचवीत कर्जदार त्या कर्जाला जातीने जबाबदार होता की नाही याची खूण, सातवीत घराचा बाजारभाव. ६०० डॉलर किंवा त्याहून अधिक कर्ज सोडले की बँकेने हा कागद कर्जदाराला धाडायचा आणि त्याची प्रत करखात्याला द्यायची, असे १९९३ च्या कायद्याने ठरवले. ज्या घराचा दरवाजा आता दुसऱ्याच्या किल्लीने उघडतो, त्या घराबद्दलचा हा शेवटचा कागद भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर येतो. आणि एखाद्या सवलतीत बसत नसेल तर दुसऱ्या चौकटीतला आकडा पगारासारखाच त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून धरला जातो.

मराठी कानाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे कर्जमाफी हा शब्द शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरण्याशी जोडलेला आहे, आणि बोजा उतरला म्हणजे कमाई झाली असे कोणी म्हणत नाही. अमेरिकी करकायदा तसे म्हणतो आणि त्यामागे त्याची कारणे आहेत. ती समजून न घेता या नियमाला अन्याय ठरवणे सोपे आहे, पण त्याने हाती काही लागत नाही. माझे म्हणणे असे आहे की हा नियम ज्या व्यवहारातून जन्मला तिथे तो बरोबर होता. राहत्या घराला तो लावताना मात्र व्यवहाराची एकच बाजू मोजली गेली. अमेरिकी संसदेने २००७ साली जी सवलत दिली तिने ही मोजणी दुरुस्त केली, पण दुरुस्तीला संकटकाळच्या मदतीचे रूप दिले आणि तिच्यावर मुदत लिहिली. पुढची अठरा वर्षे त्या मुदतीचे परिणाम लोकांनी भोगले.

नियमाचा जन्म १९३१ चा. टेक्सासमधल्या कर्बी लंबर या लाकूड कंपनीने जुलै १९२३ मध्ये १ कोटी २१ लाख २६ हजार ८०० डॉलरचे रोखे काढले. त्याच वर्षात पुढे तिने स्वतःच्याच रोख्यांपैकी काही बाजारातून दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात परत घेतले. फरक १ लाख ३७ हजार ५२१ डॉलर ३० सेंट. हा फरक म्हणजे उत्पन्न काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. नव्वदी गाठलेले न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी नोव्हेंबर १९३१ मध्ये अवघ्या काही परिच्छेदांत निकाल दिला. त्याचा आशय असा की रोख्यांच्या देण्यापोटी अडकलेली तेवढी मालमत्ता आता मोकळी झाली आहे, कंपनीच्या मालमत्तेत कुठे घट झालेली नाही, तेव्हा हा उघड नफा आहे आणि त्यावर कर लागतो. अमेरिकी करशास्त्रातला कर्जमाफीचा सगळा डोलारा या छोट्या निकालावर उभा आहे. त्यातले ‘मालमत्तेत घट झालेली नाही’ हे निरीक्षण वाचकाने लक्षात ठेवावे. होम्स यांनी ते सहज म्हणून घातले नव्हते. आधीच्या एका निकालापासून हा खटला वेगळा का, हे त्यांना सांगायचे होते.

तो आधीचा निकाल १९२६ चा, करबॉ-एम्पायर कंपनीचा. या कंपनीने पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मन बँकेकडून मार्कांत कर्ज काढले, ते बांधकामात घातले आणि बांधकामात पैसा बुडाला. युद्धानंतर मार्क कोसळला आणि कंपनीने ते कर्ज मातीमोल झालेल्या चलनात फेडले. डॉलरमध्ये पाहिले तर सुमारे ६ लाख ८४ हजारांची बचत झाली. न्यायालय म्हणाले की व्यवहार आरंभापासून अखेरपर्यंत एकत्र पाहा. एकूण तोटाच झाला आहे, तर त्यातल्या एका टप्प्यावरच्या बचतीला उत्पन्न म्हणता येत नाही. या निकालावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि आज अभ्यासक तो चुकीचा मानतात. टीकेचा मुख्य मुद्दा रास्त आहे. बांधकामातला तोटा कंपनीने आपल्या करविवरणांत आधीच वजा केला होता; मग बचतही करमुक्त ठेवणे म्हणजे एकाच तोट्याचा लाभ दोनदा देणे. पण याच टीकेचा उजेड घरमालकावर पाडून पाहा. त्याच्या घराची किंमत कोसळली तर तो तोटा त्याला एकदाही वजा करता येत नाही. राहत्या घराच्या विक्रीतला तोटा हा खासगी तोटा, त्याला वजावट नाही, असे अमेरिकी कायदा ठामपणे सांगतो. कंपनीला दोनदा मिळाले म्हणून ज्या निकालाला नावे ठेवली गेली, त्याच्यामागची व्यवहार एकत्र पाहण्याची दृष्टी एकदाही न मिळणाऱ्या माणसासाठी तरी जपायला हवी होती.

महामंदीच्या दशकात न्यायालयांना हे जाणवत होते असे दिसते. १९३४ मध्ये एका अपील न्यायालयाने म्हटले की माफीनंतरही ज्याचे देणे त्याच्या मालमत्तेपेक्षा जास्तच उरते, त्याच्या हाती काही मोकळे झालेले नाही, म्हणून त्याला उत्पन्न झाले असे म्हणता येत नाही. हाच पुढे नादारीचा अपवाद ठरला. १९४० मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयासमोर आलेला खटला तर आपल्या विषयाच्या अगदी शेजारचा आहे. एका माणसाने १९२८ साली २९ हजार डॉलरना एक मालमत्ता घेतली होती. १० हजार रोख दिले होते आणि १९ हजारांचे गहाण अंगावर घेतले होते. मंदीत तिची किंमत ८ हजारांवर आली. तेव्हा १५ हजारांचे देणे उरले होते. सावकाराने ८ हजारांवर तडजोड करून बाकीचे सोडले. करखाते म्हणाले, ७ हजारांचे उत्पन्न. न्यायालय म्हणाले, या माणसाला काहीही मिळालेले नाही. मालमत्तेची किंमत तेवढी कमी धरायची, इतकेच. साधा व्यवहारी शहाणपणाचा निकाल होता. गहाण आणि मालमत्ता ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत, हे त्यात गृहीत होते.

हा विचार कायद्यात टिकला नाही. १९८० साली दिवाळखोरी करकायदा झाला आणि त्याने कर्जमाफीचे नियम एका कलमात बांधले. दिवाळखोरीतली माफी करमुक्त, नादाराची माफी नादारीच्या मर्यादेपर्यंत करमुक्त. किंमत कमी धरण्याची मुभाही दिली, पण ज्याने मालमत्ता विकली त्यानेच उधारी दिली असेल आणि त्यानेच ती सोडली असेल तर. म्हणजे घर विकणाऱ्याने राहिलेल्या पैशातले ५० हजार सोडले तर ती किमतीतली सूट. बँकेने तेच ५० हजार सोडले तर ते उत्पन्न. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घर घेणारा सामान्य माणूस बँकेकडेच जात होता. तेव्हा ही मुभा त्याच्या दारापर्यंत कधी पोचलीच नाही.

दारे उघडली गेली ती इतरांसाठी, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९८० च्या दशकात अमेरिकी शेतीवर कर्जाचे मोठे संकट आले, जमिनीचे भाव पडले, शेते लिलावात गेली. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने शेतीच्या कर्जाच्या माफीला खास सूट दिली. पुढे व्यापारी इमारतींचा बाजार बसला, तेव्हा १९९३ मध्ये व्यवसायातल्या स्थावर मालमत्तेच्या कर्जालाही सूट मिळाली. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले. त्याच सप्टेंबरात वादळग्रस्तांच्या घरगुती कर्जांच्या माफीवरचा कर उठवला गेला. जिथे मालमत्तेची किंमत नाहीशी झाली आणि तिच्यामागचे कर्ज सोडले गेले, तिथे कर लावणे बरोबर नाही हे संसदेला पुन्हा पुन्हा पटत होते. वादळ नसताना घर गेलेल्या माणसाचा क्रम मात्र आलेला नव्हता.

एक हिशेब मांडून पाहू. कल्पना करा की २००६ च्या तेजीत एका जोडप्याने ३ लाख डॉलरना घर घेतले. ३० हजार पदरचे, २ लाख ७० हजार बँकेचे. २०१० पर्यंत नेटाने हप्ते भरून मुद्दल २ लाख ६० हजारांवर आणले. मग एकाची नोकरी गेली. दरम्यान घराचा भाव १ लाख ८० हजारांवर आला होता. लास व्हेगाससारख्या शहरात तर भाव निम्म्याहून अधिक कोसळले होते, तेव्हा हा आकडा मी सौम्यच धरला आहे. बँकेच्या संमतीने त्यांनी घर मिळेल त्या भावाला विकले, सगळे पैसे बँकेने घेतले आणि उरलेले ८० हजार सोडून दिले. अशा विक्रीला तिकडे शॉर्ट सेल म्हणतात. या जोडप्याचे पदरचे ३० हजार आणि फेडलेले १० हजार मुद्दल बुडाले, घर गेले. हातात एक डॉलर आला नाही. एकाचा पगार ५० हजार असेल तर करखात्याच्या लेखी मात्र त्यांचे त्या वर्षीचे उत्पन्न १ लाख ३० हजार. त्यावर वाढीव कर १५ हजारांच्या पुढे जातो आणि मुलांसाठीची सवलतही कमी होऊ लागते. होम्स यांनी घातलेली कसोटी इथे लावा. मालमत्तेत घट झालेली नाही, असे या जोडप्याबद्दल कोण म्हणेल? १ लाख २० हजारांची घट डोळ्यांसमोर आहे. कायदा ती पाहत नाही, कारण ती राहत्या घराची आहे.

यावरचा सर्वात भक्कम आक्षेप करपंडितांचा आहे आणि त्याला बगल देणे योग्य नाही. ते म्हणतात, कर्ज घेताना मिळालेल्या पैशावर कर लागला नव्हता, कारण परत करण्याचे बंधन होते. ते बंधन गेले तर तेव्हा न लावलेला कर आता लावला पाहिजे. नाहीतर २ लाख ७० हजार मिळवून १ लाख ९० हजारच फेडणारा माणूस ८० हजार करमुक्त घेऊन जातो. १९८३ च्या टफ्ट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच समतोलाची दृष्टी धरली. तर्क निर्दोष आहे. पण समतोल धरायचा तर ते ८० हजार गेले कुठे हेही विचारावे लागते. ते खर्चले गेले नाहीत, सहलीत उडाले नाहीत. ते विकणाऱ्याला दिले गेले आणि ज्या घरात घातले ते घर तेवढ्याच्या किमतीचे राहिले नाही. यावर पंडितांचे पुढचे उत्तर असे की घराच्या तोट्याला वजावट नाही, कारण घराच्या नफ्यावरही कर नाही. १९९७ पासून राहते घर विकून झालेला अडीच लाखांपर्यंतचा नफा, जोडप्याला पाच लाखांपर्यंतचा, करमुक्त आहे. हेही खरे. आणि नेमके इथेच त्यांचा युक्तिवाद माझ्या बाजूला येऊन मिळतो. घराचा नफाही मोजायचा नाही आणि तोटाही मोजायचा नाही असे कायद्याने ठरवले असेल, तर घर करहिशेबाच्या बाहेर आहे. मग घरासाठी काढलेल्या कर्जाचे काय झाले हेही बाहेरच राहिले पाहिजे. वहीचे एक पान फाडून टाकायचे आणि त्याच्या समोरच्या पानावरची बाकी वसूल करायची, ही जमाखर्चाची रीत नव्हे. भाड्याने देण्यासाठी दहा घरे घेणाऱ्याकडे पाहिले की हे अधिक उघड होते. त्याला घराचा तोटा वजा करता येतो, शिवाय १९९३ च्या सुटीचा दरवाजाही त्याला खुला असतो. एकाच रस्त्यावरची दोन सारखी घरे एकाच महिन्यात लिलावात गेली, तर त्यात राहणाऱ्याला कर आणि ते भाड्याने देणाऱ्याला वजावट, असा प्रकार होतो.

त्यात भूगोलाची भर. कॅलिफोर्नियात १९३३ पासून असा कायदा आहे की राहते घर घेण्यासाठी काढलेल्या कर्जात बँकेला घरापुरताच हात घालता येतो, उरलेल्या रकमेसाठी कर्जदाराच्या मागे लागता येत नाही. अशा कर्जात घर गेले तर माफी अशी होतच नाही. टफ्ट्सच्या नियमाने सगळे देणे ही घराची विक्री किंमत धरली जाते आणि भाव पडलेल्या घरात बहुधा नफा निघत नाही, निघाला तरी तो करमुक्त मर्यादेत बसतो. फ्लोरिडात तसे संरक्षण नाही. तिथे बँक उरलेल्या रकमेसाठी कर्जदारावर दावा लावू शकते, म्हणून तिने ती सोडली की ती माफी ठरते आणि उत्पन्न ठरते. देश एक, केंद्रीय करकायदा एक, पण घर कोणत्या राज्यात होते यावर कर ठरतो. पाचव्या चौकटीतल्या एका खुणेवर हजारो डॉलरचा फरक पडतो, आणि ज्याच्या हातात तो कागद येतो त्याला तिचा अर्थ सांगणारा कोणी जवळ नसतो.

२००७ च्या उन्हाळ्यात गृहकर्जांचा बाजार कोसळू लागला. ३१ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी व्हाइट हाउसच्या बागेत उभे राहून हा प्रश्न लोकांना साध्या भाषेत सांगितला. बँकेने २० हजार डॉलर सोडले तर करकायदा त्याला उत्पन्न म्हणतो, अडचणीतल्या कुटुंबाचे ओझे अशा वेळी वाढवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. करपात्र कर्जमाफी हा विषय एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी येणे ही दुर्मीळ गोष्ट. प्रतिनिधिगृहाने ४ ऑक्टोबरला ३८६ विरुद्ध २७ मतांनी विधेयक मंजूर केले, आणि त्यात ही सूट कायमची होती. तिचा खर्च भरून काढण्यासाठी दुसऱ्या घरांना मिळणाऱ्या एका सवलतीला चाप लावलेला होता. सरकारला तात्पुरती सूट हवी होती आणि सिनेटने ती तीन वर्षांची केली. २० डिसेंबर २००७ रोजी बुश यांची सही झाली. मुख्य राहत्या घराच्या खरेदी, बांधकाम किंवा मोठ्या सुधारणेसाठी काढलेल्या २० लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाची माफी उत्पन्नात धरायची नाही, असा तो कायदा. घर हाती राहिले असेल तर माफ रकमेइतकी घराची मूळ किंमत कमी धरायची, म्हणजे पुढे नफ्यात विकल्यास हिशेब जुळतो. कायदा काळजीपूर्वक केलेला होता. एकच शब्द त्यात चुकला, तो मुदतीचा.

तात्पुरत्या सवलतीच्या बाजूने तेव्हा जे बोलले गेले त्याचा गाभा असा होता की संकट तात्पुरते आहे, आणि कायमची सूट दिली तर लोक बेफिकीर होऊन झेपेल त्यापेक्षा जास्त कर्ज काढतील. बेफिकिरीची भीती मला पोकळ वाटते. घर गेल्याची नोंद कर्जदाराच्या पतअहवालात सात वर्षे राहते, भरलेले पैसे बुडतात, मुलांच्या शाळा बदलतात. एवढी किंमत मोजायला तयार असलेला माणूस केवळ कर लागेल म्हणून घर धरून ठेवील, हे पटत नाही. उलट करानेच शहाणपणाची तडजोड अडते, कारण ज्याला माफीवर कर भरावा लागेल तो मुद्दल घटवण्याचा बँकेचा प्रस्ताव घ्यायला कचरतो. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले त्यांची तक्रार मात्र खरी आहे आणि तिचा मान ठेवला पाहिजे. शेजाऱ्याचे ८० हजार माफ झाले, माझे नाहीत, ही वेदना कोणत्याही कर्जमाफीत असते. महाराष्ट्राला ती चांगली ठाऊक आहे. पण ती तक्रार माफीविरुद्ध आहे, आणि माफी सरकारने दिलेली नाही, बँकेने आपला तोटा पत्करून दिलेली आहे. कर हे उत्पन्न मोजण्याचे साधन आहे, वागणुकीबद्दल शिक्षा करण्याचे नाही. जिथे पैसा खरोखर चैनीसाठी वापरला गेला, म्हणजे तेजीत घराच्या वाढलेल्या किमतीवर जादा कर्ज उचलून गाडी घेतली किंवा जुनी उधारी फेडली, तिथे २००७ च्या कायद्याने सूट दिलीच नाही. ती रेषा बरोबर ओढलेली होती आणि समतोलाचा तर्क तिथे पुरेपूर लागू पडतो.

दुसरा आक्षेप, नादारीचा अपवाद होताच, मग वेगळी सूट कशाला? कारण नादारी मोजताना म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेली पुंजीही मालमत्तेत धरली जाते, जिला एरवी सावकार हात लावू शकत नाहीत. २००१ मध्ये करन्यायालयासमोर अलास्कातल्या एका मच्छीमार जोडप्याचा खटला होता. त्यांची बोट जप्त झाली आणि उरलेले कर्ज सुटले. मासेमारीचा परवाना राज्याच्या कायद्याने सावकारांपासून सुरक्षित होता, म्हणून तो मोजू नये असे ते म्हणाले. न्यायालयाने तो मोजला आणि ते नादार ठरले नाहीत. हाच निकष ५५ वर्षांच्या कामगाराला लावला तर निवृत्तीनिधीत लाखभर डॉलर आहेत एवढ्यावरून तो सधन ठरतो. शिवाय हा अपवाद आपोआप लागू होत नाही. फॉर्म ९८२ भरून, माफीच्या क्षणाआधीची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी मांडून तो सिद्ध करावा लागतो. घर रिकामे करण्याच्या धांदलीत त्या दिवशीच्या मालमत्तेची यादी कोण करून ठेवतो?

आता मुदतीची कथा. ऑक्टोबर २००८ मध्ये अर्थव्यवस्था कोसळत असताना केलेल्या बचाव कायद्यात सूट २०१२ अखेरपर्यंत वाढली. तेव्हा वाटले असेल की तोवर सगळे निवळेल. २०१० या एका वर्षात २८ लाखांहून अधिक मालमत्तांवर जप्तीच्या कारवाईच्या नोटिसा लागल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या बँका, केंद्र सरकार आणि ४९ राज्ये यांच्यात २५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. तिचा मोठा हिस्सा कर्जदारांचे मुद्दल घटवण्यासाठी होता. म्हणजे एका हाताने सरकार बँकांना कर्ज सोडायला लावत होते आणि दुसऱ्या हातातल्या कायद्याची मुदत त्याच डिसेंबरात संपत होती. २ जानेवारी २०१३ रोजी, मुदत टळून गेल्यावर, एक वर्ष वाढले. २०१३ अखेर ती पुन्हा संपली. २०१४ साल सुरू झाले, लोकांनी घरे विकली, बँकांनी कर्जे सोडली, आणि त्यावर कर लागणार की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९ डिसेंबर २०१४ ला सही झाली आणि सूट त्या वर्षासाठी मागील तारखेपासून लागू झाली. १२ दिवसांनी ती परत संपली.

ते बारा दिवस मला या सगळ्या इतिहासाचे सार वाटतात. वर्षभर कुटुंबे निर्णय घेत होती, वकिलांना विचारत होती, कर लागेल या भीतीने काहींनी प्रस्ताव नाकारलेही असतील. त्यांना उत्तर मिळाले ते वर्ष संपताना, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा पहिल्यापासून. डिसेंबर २०१५ मध्ये २०१५ आणि २०१६ साठी वाढ झाली. २०१७ साठीची वाढ ९ फेब्रुवारी २०१८ ला झाली, म्हणजे वर्ष उलटून विवरणे भरायला सुरुवात झाल्यावर. २०१८ साठीची तर २० डिसेंबर २०१९ ला, जेव्हा बहुतेकांनी त्या वर्षीचा कर कधीच भरून टाकलेला होता. ज्यांना हे कळले त्यांनी दुरुस्त विवरण भरून पैसे परत मागितले. ज्यांना कळले नाही त्यांचे पैसे सरकारजमा राहिले. मागील तारखेपासून दिलेली सूट तिजोरीला तेवढीच महाग पडते, पण ज्याला निर्णय घ्यायचा असतो त्याच्या उपयोगाची राहत नाही. तात्पुरत्या तरतुदीचा खर्च कागदावर कमी दिसतो आणि प्रत्येक वाढीच्या वेळी सौदेबाजीला एक नाणे हाती राहते, एवढाच तिचा फायदा. तो फायदा कायदे करणाऱ्यांचा होता.

२७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने सूट एकदम २०२५ अखेरपर्यंत वाढवली, पण मर्यादा २० लाखांवरून साडेसात लाखांवर आणली. मर्यादा घटवण्यावर माझा आक्षेप नाही. साडेसात लाखांत सामान्य घर बसते. आक्षेप आहे तो त्याच कायद्यातल्या दुसऱ्या तरतुदीशी तुलना केल्यावर. कोविडकाळात उद्योगांना पगार चालू ठेवण्यासाठी दिलेली कर्जे माफ झाली तर ते उत्पन्न नाही, असे मार्च २०२० मध्येच ठरले होते. डिसेंबरच्या कायद्याने पुढे जाऊन सांगितले की त्या माफ झालेल्या पैशातून केलेला खर्चही वजा करता येईल. करबॉ-एम्पायर कंपनीच्या बाबतीत ज्या दुहेरी लाभाला शतकभर चूक म्हटले गेले, तोच इथे कायद्याने दिला. २००९ मध्येही असेच झाले होते. स्वतःचे रोखे स्वस्तात परत घेणाऱ्या कंपन्यांना, म्हणजे कर्बी लंबरच्या थेट वारसांना, त्या नफ्यावरचा कर पुढे ढकलून २०१४ पासून पाच वर्षांत विभागून भरण्याची मुभा मिळाली. ज्यांच्या नफ्यासाठी हा नियम जन्मला होता त्यांना सवड मिळाली, ती घर गेलेल्या माणसाला दर वर्ष-दोन वर्षांनी नव्याने मागावी लागली.

असाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही आला होता, आणि त्याचा एक धागा मुंबई आणि अमेरिका यांना जोडणारा आहे. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९६० च्या दशकात अमेरिकेच्या कैसर जीप कंपनीकडून गाड्या बनवण्याच्या साचे-अवजारांसाठी कर्ज घेतले होते. कैसर जीप पुढे दुसऱ्या अमेरिकी कंपनीने विकत घेतली आणि तिने हे कर्ज सोडून दिले. ५७ लाख ७४ हजार ६४ रुपयांची ही माफी उत्पन्न आहे असे आयकर खात्याचे म्हणणे. प्रकरण चार दशके चालले आणि एप्रिल २०१८ मध्ये निकाल लागला की हे उत्पन्न नाही. त्या कर्जापोटी कंपनीने पूर्वी खर्चाची वजावट घेतलेली नव्हती, हे त्यातले एक मुख्य कारण. व्यवसायाच्या बाबतीत २०२३ च्या वित्त कायद्याने ही वाट पुढे अरुंद केली. पण वजावट घेतली असेल तरच माफीवर कर, हा त्या निकालातला विचार मला न्याय्य वाटतो. अमेरिकी घरमालकाने तेवढेच मागितले होते.

शेतीच्या कर्जाला १९८६ साली दिलेली सूट आणि व्यवसायातल्या इमारतींच्या कर्जाला १९९३ साली दिलेली सूट अमेरिकी करकायद्यात लिहिताना त्यांना मुदत घातली गेली नाही. दर वर्षी कोणाला त्या मागाव्या लागत नाहीत. राहत्या घराच्या कलमात मात्र २०२० च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख लिहिली, आणि पुढे लिहिले की त्यानंतरची माफी सुटीत धरायची असेल तर तिचा लेखी करार त्या दिवसापर्यंत झालेला असला पाहिजे.